पाणीमहाल आणि पाळणे

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर एक बांध आहे. बांध म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे शेताचा बांध येतो. हा तसा नाही. काळ्या दगडाची ही जाडजूड भिंत आहे आणि तिच्या पोटात माणसांनी बसावं म्हणून खोल्या काढल्या आहेत. चांगला पाऊस झाला, तलाव भरला, की सांडव्यावरून नदी खाली उडी घेते आणि आत बसलेल्या माणसासमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. दोन सांडवे आहेत. गावाने त्यांना नर आणि मादी अशी नावं दिली आहेत. खोली म्हणजे पाणीमहाल. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून एवढंच सांगतो की गरजणारी नदी हाताच्या अंतरावर असते आणि आपण कोरडे असतो.

हे काम १६१३ सालचं. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहीम आदिलशाह याच्या काळात मीर इमादीन नावाच्या बांधकाम जाणणाऱ्या माणसाने ते केलं. तसा फारसी शिलालेख तिथे आहे, हिजरी सन १०२२ चा. फारसी वाचणारी माणसं आता आमच्याही घरांतून कमी झाली, त्यामुळे बहुतेक जण त्या लेखाचा फोटो काढून पुढे जातात.

आज मी बोलणार आहे तो विषय मात्र फोटो काढणाऱ्यांचाच आहे. आपल्या जिल्ह्यात पर्यटनाची गोष्ट निघाली की चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत कोणीतरी म्हणतंच, अहो, एखादं थीम पार्क काढा, वॉटर पार्क काढा, म्हणजे माणसं थांबतील. म्हणणाऱ्याची चेष्टा करण्याचं कारण नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून रोज हजारो गाड्या नळदुर्गवरून जातात. तुळजापूरला वर्षभर भाविकांची रीघ असते. तिथल्या मंदिर परिसराच्या विकासासाठी २०२५ साली सुमारे १,८६५ कोटींचा आराखडा मंजूर झाला. एवढी माणसं आपल्या दारावरून जातात आणि आपल्या पोरांना कामासाठी पुणं गाठावं लागतं, ही बोच खरी आहे. प्रश्न इतकाच आहे की पाळणे आणि घसरगुंड्या कुठे उभ्या करायच्या आणि कशाच्या जिवावर.

मौजेसाठी मुद्दाम जागा बांधणं हे काही अमेरिकेतून आलेलं वेड नव्हे. आदिलशाही घराण्याला त्याची भारी हौस होती. विजापूरच्या पूर्वेला पंधरा-सोळा किलोमीटरवर कुमटगी नावाचं गाव आहे. तिथे तलावाकाठी आदिलशाही विलासगृहं आहेत. उंचावरच्या टाक्यांतून पाणी खाली आणून छतातल्या बारीक तोट्यांतून त्याचा पाऊस पाडायची सोय तिथे होती. आज मोठ्या शहरात पोरं तिकीट काढून 'रेन डान्स' करतात, त्याचा हा खापरपणजोबा. भिंतींवर चित्रं होती. घोड्यांवरून चेंडू खेळणारे स्वार होते, परदेशी पाहुणेही होते. आता ती चित्रं बरीचशी पुसट झाली आहेत.

इब्राहीमने याच्याही पुढे जायचं ठरवलं. १५९९ साली त्याने विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर नावाचं अख्खं शहर वसवायला घेतलं. हा सुलतान गाणारा होता, दखनीत पदं लिहिणारा होता. त्याच्या 'किताब-ए-नवरस' मध्ये सरस्वतीला वंदन आहे आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याचं शहर संगीताचं असणार होतं. वाडे उठले, तटबंदीला हात लागला. ती पुरी होण्याआधीच १६२४ साली मलिक अंबर विजापूरवर चालून आला आणि त्याच्या फौजेने नवरसपूर उद्ध्वस्त केलं. हाच मलिक अंबर, ज्याने औरंगाबादला जमिनीखालून नहर खेळवली आणि शहराची तहान भागवली. पाणी आणणाऱ्या माणसाच्या हातून गाण्याचं शहर बुडालं. यावर कविता करायचा मोह मला अनेकदा झाला, पण इतिहास कवितेपेक्षा कोरडा असतो. राजधानीला लागून, अर्धवट तटाचं, श्रीमंत आणि उघडं पडलेलं ठिकाण शत्रूने आधी घ्यावं, यात नवल नाही. तोरवीजवळ संगीत महालाचे अवशेष अजून उभे आहेत.

आता नळदुर्गकडे या. राजा तोच, हौस तीच, काळही तोच. मग नवरसपूर गेलं आणि पाणीमहाल का राहिला? मला याचं उत्तर बांधाच्या कामात दिसतं. तो बांध मौजेसाठी घातलेला नाही. त्याने नदी अडवली, किल्ल्याला पाणी दिलं आणि तटाला पाण्याचा खंदक दिला. पलीकडच्या काठावर रणमंडळ हा जोडकिल्ला आहे. तिथे जायची वाटही याच बांधावरून. म्हणजे तलाव, खंदक आणि पूल अशी तीन कामं एका भिंतीने केली, आणि एवढं झाल्यावर कोणा रसिकाच्या मनात आलं की हिच्या पोटात बसायला जागा करू. काम आधी, मौज नंतर. सुलतान गेले, मोगल आले, निजाम आला. पाणी सगळ्यांनाच लागत होतं. बांध पडू देणं कोणालाच परवडणारं नव्हतं आणि बांध राहिला म्हणून महाल राहिला.

किल्लाही साधा नाही. नळराजाचं नाव सांगणारा, चालुक्यांशी नातं सांगणारा, बहमनींच्या हाताखालून गेलेला हा किल्ला. दगडी तट आदिलशाहीतला, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. बुरूज ११४ सांगतात. नऊ पाकळ्यांचा नवबुरूज आहे. सगळ्यांत उंच उपळी बुरूज आहे आणि त्यावर हत्ती तोफ आणि मगर तोफ पडलेल्या आहेत. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला तेव्हा नळदुर्ग जिल्ह्यावर मेडोज टेलर हा अधिकारी आला. त्याने जमिनीची मोजणी केली, रस्ते केले आणि पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्याची 'तारा' ही कादंबरी तर तुळजापूरच्या मुलीची. १८६० साली मुलूख निजामाकडे परत गेला. १९०४ मध्ये जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गहून उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, हललं आणि नळदुर्ग कचेऱ्यांचं गाव होतं ते एस. टी. थांब्याचं गाव झालं. आमच्या पिढीने किल्ला पाहिला तो बाभळीतून वाट काढत, भाकरी फडक्यात बांधून.

२०१४ साली राज्य सरकारने हा किल्ला वैभव संगोपन योजनेखाली एका खासगी कंपनीकडे सांभाळायला दिला. आत बाग झाली, तलावात नावा आल्या, गर्दी वाढली आणि तिकीटही आलं. यावर गावात दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. माझं मत विचाराल तर बाभळी काढल्या हे बरं झालं. संरक्षित स्मारक म्हणजे साप-विंचवांना दिलेलं कूळ नव्हे. नावेलाही माझी हरकत नाही, तलावात नाव शोभते. हरकत सुरू होते ती पुढच्या पायरीवर. बाग झाली, नाव झाली, आता पाळणे आणा, मग घसरगुंडी आणा, मग लग्नाचे हॉल आणा, हा जो उतार असतो त्यावर थांबायची जागा कोणी ठरवत नाही. २०१९ साली राज्यातले पंचवीसेक किल्ले हॉटेलं आणि समारंभांसाठी देण्याची बातमी आली तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. शिवरायांशी नातं असलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. म्हणजे उरलेल्यांचं काय, हे तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. नळदुर्गसारख्या आदिलशाही किल्ल्याची बाजू घेणारा आवाज जरा बारीकच असतो.

जिथे हा धंदा मुरला आहे त्या अमेरिकेतही हा वाद चालतो. फ्लोरिडात डिस्ने कंपनीचं पहिलं पार्क १९७१ साली निघालं, मग १९८२, १९८९ आणि १९९८ साली एकेक करत चार झाली. पाचवं काढावं का, हा तिथल्या हौशी लोकांचा कायमचा विषय. शेजारच्या युनिव्हर्सलने २०२५ मध्ये आणखी एक पार्क उघडल्यावर तर तो अधिकच तापला. मोकळ्या जमिनीवर, स्वतःच्या पैशांनी त्यांनी पाचवं काढावं की दहावं, मला त्याचं काही नाही. पण याच कंपनीने १९९३ साली व्हर्जिनियात अमेरिकेच्या इतिहासावरच पार्क काढायचं जाहीर केलं. मनासस ही त्यांच्या यादवी युद्धातली रणभूमी तिथून काही मैलांवर. इतिहासकार उठले. म्हणाले, खरी रणभूमी इथे असताना खोटी कशाला? १९९४ च्या सप्टेंबरात कंपनीने तो बेत सोडला. पैशाला कमी नसलेल्या कंपनीने माघार घेतली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडचा हिशेबही पाहा. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड निघालं. एका पिढीची सहल म्हणजे तेच. २०२२ साली ते बंद झालं. खोपोलीजवळ २०१३ साली मोठ्या थाटात सुरू झालेलं इमॅजिका कर्जात अडकलं आणि २०२२ साली त्याचा कारभार दुसऱ्यांच्या हाती गेला. मुंबई आणि पुणे ज्याच्या उशा-पायथ्याशी आहेत त्याची ही कथा. या धंद्यात दर चार-दोन वर्षांनी नवा पाळणा आणावा लागतो, जुन्या पाळण्यासाठी माणूस दुसऱ्यांदा येत नाही. पाणीमहालाला मात्र तो चार वेळा येतो, कारण दर पावसाळ्यात पाणी निराळं असतं.

इथे कोणी मला पैठणची आठवण करून देईल, आणि ती योग्यच आहे. जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर, संत ज्ञानेश्वर उद्यान केलं होतं. तेही कामाच्या धरणाला जोडलेलंच होतं ना? तरी ते का सुकलं? कारंजी बंद पडली, झाडं वाळली आणि सहली थांबल्या. माझ्या मते फरक असा की पैठणच्या कारंज्यांना वीज लागे, पंप लागे, माळ्यांचे पगार लागत. धरणाला बागेची गरज नव्हती आणि बाग स्वतःच्या पायावर उभी नव्हती. नळदुर्गच्या पाण्याला उतार पुरतो. चारशे वर्षांत त्याचं विजेचं बिल आलेलं नाही.

आणि पाणी. हा विषय आपल्या जिल्ह्यात हळू आवाजात बोलायचा नसतो. नर-मादी धबधबे दर वर्षी पडत नाहीत. वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच ते पडतात. ज्या वर्षी पाऊस पाठ फिरवतो त्या वर्षी सांडवा कोरडा असतो आणि माणसं परत जातात. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. वॉटर पार्कला मात्र पाणी उन्हाळ्यात लागतं, नेमकं टँकरच्या महिन्यांत. पाणी तेच फिरवून वापरतो, असं मालक सांगतात. त्यात तथ्य आहे. पण पहिल्यांदा भरावं लागतं, उन्हात उडतं त्याची भर घालावी लागते, आणि पलीकडच्या वस्तीवर घागरींची रांग असताना इकडे पोरं पाण्यात उड्या मारताहेत, हे दृश्य कोणत्या हिशेबात बसवायचं?

करमणुकीची आपली एक जुनी रीत नळदुर्गातच आहे. मैलारपूरच्या खंडोबाची पौषी पौर्णिमेची यात्रा भरते. यात्रा म्हटली की आकाशपाळणा आला, मौत का कुआँ आला, फुगे आले, भजी आली. चार दिवस धमाल असते. मग पाळणेवाला आपले लोखंडी हात-पाय सोडवतो, ट्रकमध्ये घालतो आणि पुढच्या यात्रेला जातो. खड्डे बुजतात. ज्याच्या खिशात दहाची नोट आहे त्यालाही तिथे जागा असते, आणि ज्याच्या खिशात तीही नाही तो बघून खूश होतो. थीम पार्काच्या दारात असा बघून खूश होणारा माणूस उभा राहू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कोणाला पार्क काढायचंच असेल तर महामार्गालगत, किल्ल्यापासून लांब, स्वतःच्या पाण्याचा हिशेब आधी देऊन काढावं. धंदा चालला तर पोरांना काम मिळेल, मलाही आनंद होईल. किल्ल्याच्या तटाच्या आत मात्र पाया खणणारं काही नको. तिथे करायची कामं कमी नाहीत. तलावातला गाळ काढायचा आहे. बांधाच्या सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपं काढायची आहेत, ती मुळं दगड सरकवतात. गावातल्या वीस-पंचवीस मुलामुलींना इतिहास शिकवून वाटाडे करायचं आहे, आणि आठवड्यातला एक दिवस तालुक्यातल्या शाळांसाठी विनातिकीट ठेवायचा आहे. आणि त्या फारसी लेखाशेजारी त्याचा मराठी अर्थ लिहिलेली एक पाटी लावायची आहे. या पाटीला फार खर्च येणार नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी होण्यासारखं हे काम आहे.