परसदारची जुनी व्यवस्था

आमच्या लहानपणी राहुरीत ‘बाग’ म्हटले की मोसंबीची, म्हणजे पैशाची बाग. घरामागे असायचा तो परस. त्याला बाग कुणी म्हणत नसे आणि त्याला खर्चही नसे. न्हाणीचे पाणी जाई तिथे अळू, केळ, कढीपत्ता. कोपऱ्यात शेवगा, कुंपणाला शेर. पालापाचोळा तिथेच कुजायचा. पाखरांसाठी म्हणून मुद्दाम काही केलेले नव्हते, तरी शिंपी, बुलबुल, शिंजीर, सरडे हक्काने राहत.

झाड जपण्याची समज आपल्याकडे जुनीच. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त बजावले होते, की आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे त्यांचे कारण. शिकवताना या उताऱ्यापाशी मी नेहमी थांबत असे.

आमचा भाग बदलला तो पाण्याने. १९२६ साली भंडारदरा धरण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. पुढे सत्तरच्या दशकात मुळा धरणाचे पाणी आले. ऊस वाढला, हातात पैसा आला. १९७२ चा दुष्काळ ज्याने पाहिला, तो पाण्याला नावे ठेवणार नाही. पण त्याच ओघात बांध अरुंद झाले, बांधावरच्या बोरी-बाभळी गेल्या. गावात न्हाणीचे पाणी गटारात गेले आणि परसात फरशी आली. शेतातून उठलेल्या पाखराला गावातही जागा उरली नाही.

आता आमच्या घरामागे अर्धा गुंठा मोकळा आहे. मुलाच्या मते तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत. त्याचा अंदाज तीस हजारांच्या वर गेला. मी मागितले दोन हजार रुपये आणि तीन पावसाळे.

बेत साधा आहे. विकत आणायचे ते लिंबाचे रोप आणि दोन मातीची परळे. कढीपत्त्याची पिल्ले शेजारून मिळतील. या दोन्हींवर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालते. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेली राणी पाकोळीही लिंबाच्याच कुळावर वाढते. ती आमच्या कोरड्या भागात येईल असे नाही, पण लिंबाळी येतेच. पानफुटीचे एक पान मातीत टेकवले की झाले. शिंजिरासाठी अडुळसा, त्याच्या फांद्या लावायच्या. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून ती अगदी मागे. परळातले पाणी रोज बदलायचे, नाहीतर डासांचीच सोय व्हायची. पाचोळा जाळायचा नाही.

आणि फवारणी अजिबात नाही. चिमणी दाणे टिपते खरी, पण पिल्लांना भरवते त्या अळ्या आणि किडे. औषध मारून दाणे टाकणे म्हणजे आईला जेवायला बोलावून लेकराला उपाशी ठेवणे. तेव्हा लिंबाची पाने कुरतडलेली दिसली तर हळहळू नये, पाहुणे आले असे समजावे.

मुलगा म्हणाला, “तीन पावसाळ्यांनी बघू.” सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढी मुदतही पुष्कळ झाली. असो. भाचरांनो, मे महिन्यात याल तेव्हा खाऊ आणू नका. गावाकडच्या बोरीचे, सीताफळाचे बी पुडीत बांधून आणा.