बेकिंग पावडर घेताना 'शुद्ध' हा शब्द वाचायचा की मागची बारीक अक्षरं?

गेल्या दिवाळीत कुंभार पिंपळगावात मावशीकडे ढोकळा केला होता. वाफ मुरल्यावर झाकण काढलं, तर पिवळ्या ढोकळ्यावर तांबडे ठिपके आणि चव साबणासारखी. "हळदच भेसळीची आली," असं म्हणून मावशीने हळदीचा डबा बाजूला ठेवला. हळदीचा दोष नव्हता. हळदीला क्षार जास्त मिळाला की ती लाल पडते. दुकानातून 'बेकिंग पावडर' म्हणून आणलेल्या सुट्या पुडीत काहीतरी वेगळंच होतं. पुडीवर ना नाव, ना तारीख, ना घटक.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव. इथेही आता वाढदिवसाचा केक घरी कुकरमध्ये होतो, रेसिपी मोबाईलवर मिळते. त्याच मोबाईलवर 'शंभर टक्के शुद्ध', 'अॅल्युमिनियम फ्री', 'हेल्दी' अशा जाहिरातीही येतात. मग चांगली पावडर ओळखायची कशी?

डब्यात नेमकं असतं काय?

तीन गोष्टी. खायचा सोडा, कोरडं आम्ल आणि कॉर्नफ्लोअरसारखा स्टार्च. ओलावा मिळाला की सोडा आणि आम्ल एकमेकांशी भिडतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. स्टार्चचं काम एवढंच, की डब्यात असताना ओल शोषून त्या दोघांना लांब ठेवायचं. 'डबल अॅक्शन' लिहिलेल्या पावडरीत काही वायू कालवताना सुटतो आणि उरलेला आचेवर.

भारताच्या अन्नसुरक्षा नियमांत बेकिंग पावडरची व्याख्याच दिलेली आहे. आम्ल म्हणून टार्टारिक आम्ल किंवा त्याचे क्षार, फॉस्फरिक आम्लाचे आम्लधर्मी क्षार किंवा अॅल्युमिनियमची आम्लधर्मी संयुगं चालतात. पावडरीतून तिच्या वजनाच्या किमान १० टक्के कार्बन डायऑक्साइड निघाला पाहिजे. म्हणजे बेकिंग पावडर हे मुळातच मिश्रण आहे. त्यावर 'शुद्ध' लिहिलं, तर शुद्ध काय, हा प्रश्न उरतोच.

खायचा सोडा म्हणजे नुसतं सोडियम बायकार्बोनेट. त्याला फुलायला दही, ताक किंवा लिंबू लागतं. एक चमचा बेकिंग पावडरीच्या जागी पाव चमचा सोडा आणि सोबत काहीतरी आंबट पुरतं. पावडरीच्या मापाने सोडा घातला तर तो तीन-चार पट जास्त होतो, आणि मग मावशीसारखा ढोकळा होतो. शिवाय एक चमचा सोड्यात सुमारे १२६० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहावं. घरात रक्तदाबाचं कुणी असेल तर भज्यांत सोडा सढळ हाताने घालण्याआधी हा आकडा आठवावा.

ढोकळ्यात सर्रास पडणाऱ्या ईनोचं पाकीट एकदा निवांत वाचा. त्यावर 'स्वर्जिक्षार' आणि 'निंबुकाम्ल' दिसेल. स्वर्जिक्षार म्हणजे सोडा आणि निंबुकाम्ल म्हणजे सायट्रिक आम्ल. नाव संस्कृत झालं तरी पिठात तोच सोडा जातो, तेच सोडियम पोटात जातं.

अॅल्युमिनियमची भीती किती खरी?

ही भीती जुनी आहे आणि ती वाढवण्यात धंद्याचाही हात होता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रॉयल बेकिंग पावडर ही कंपनी 'अगदी शुद्ध' अशी जाहिरात करायची. तिच्या पावडरीत वाइनच्या पिंपात जमणाऱ्या साक्यापासून केलेलं क्रीम ऑफ टार्टार असे. ते महाग. स्पर्धकांनी तुरटीच्या जातीचं स्वस्त आम्ल वापरायला सुरुवात केली, तेव्हा ते विषारी असल्याचा प्रचार सुरू झाला. १८९९ साली मिसूरी राज्यात तुरटीच्या बेकिंग पावडरीवर बंदीच आली. पुढे या कायद्यासाठी आमदारांना पैसे चारल्याचं उघड झालं, राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरला १९०३ मध्ये पद सोडावं लागलं आणि १९०५ मध्ये बंदी उठली.

म्हणून अॅल्युमिनियमचा विषय खोटा ठरतो का? नाही. अन्नातल्या मिश्रकांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०११ साली आठवड्याची मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, २० किलोच्या मुलाला ४०. मोठ्यांपेक्षा मुलांची मर्यादा लवकर भरते. महिन्यातून एकदा केक खाणाऱ्याने घाबरून जाण्यासारखं काही नाही. घरी रोज केक, मफिन होत असतील किंवा तुम्ही ऑर्डर घेत असाल, तर अॅल्युमिनियम नसलेली पावडर निवडणं शहाणपणाचं.

ते ओळखायला पुढचा मोठा शब्द लागत नाही. मागे घटकांच्या यादीत आयएनएस या इंग्रजी अक्षरांपुढे आकडे असतात. ५०० म्हणजे सोडा. ३३४ किंवा ३३६ म्हणजे टार्टारिक जातीचं आम्ल, ३४१ आणि ४५० म्हणजे फॉस्फेट. ५२१ किंवा ५४१ दिसला तर अॅल्युमिनियम आहे.

जाहिरातीत काय लिहिता येतं?

२०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'अस्सल' हे शब्द ठरावीक अटींतच वापरता येतात. असा शब्द ब्रँडच्या नावातच असेल आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे' अशा अर्थाची सूचना किमान ३ मिलिमीटरच्या अक्षरांत छापावी लागते. ३ मिलिमीटर! ती सापडायला आजोबांचा चष्मा लागतो, पण एकदा शोधून बघा. पदार्थ डॉक्टरांनी सुचवलेला आहे असं भासवायलाही मनाई आहे.

दाव्यांचं वजन किती, हे २०२४ मध्ये दिसलं. केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासह अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढायला सांगितली. कारण साधं होतं: २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. 'हेल्दी बेकिंग पावडर' वाचताना हे लक्षात असू द्या.

दिशाभूल करणाऱ्या अन्नजाहिरातीला या कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. राज्यात हा विषय अन्न व औषध प्रशासनाकडे येतो. पाकिटाचा फोटो आणि बिल जपून ठेवा. बिल मागितल्यावर गावातला दुकानदार थोडं विचित्र बघतो, तरीही मागा. पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असतो. १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर नोंदणी.

घरी आलेली पावडर जिवंत आहे का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. गरम पाण्यात अर्धा चमचा टाका. जोरात फसफसली तर चांगली, नुसती विरघळली तर गेली. पावसाळ्यात ओला चमचा घातलेला डबा तारखेआधीच मरतो.

मावशीची पुडी मी कोमट पाण्यात टाकून पाहिली. काहीच झालं नाही. वर लिंबू पिळलं, तेव्हा फेस आला. म्हणजे सोडा होता. पण खायचा की धुण्याचा, हे लिंबाने कळत नाही, कारण दोन्ही फसफसतात. आणि धुण्याचा सोडा तोंड-घसा भाजू शकतो, त्यामुळे चाखून बघण्याचा प्रश्नच नव्हता. उरलेली पुडी आम्ही मोरीत ओतली.