जाईबाई चौधरी यांची शाळा

नागपूरचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे भोसल्यांच्या दरबारापासून आरंभ होतो. मग १८१७ ची सीताबर्डीची लढाई येते, १९२० चे काँग्रेसचे अधिवेशन येते, १९२३ चा झेंडा सत्याग्रह येतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु याच शहरात १९२२ साली, म्हणजे या शेवटच्या दोन घटनांच्या मधोमध, हमाली करून पोट भरलेल्या एका बाईने अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली, ही गोष्ट आपल्या तोंडी सहसा येत नाही. त्या बाईंचे नाव जाईबाई चौधरी.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली उमरेडला एका महार कुटुंबात झाला. १८९६ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि घर नागपुरास आले. त्या दुष्काळाने मध्यप्रांतातील किती घरे अशी उठवली! शहरात आलेल्या माणसाजवळ जमीन नाही, ओळख नाही, विकावयास फक्त अंगातले बळ असते. जाईबाईंचे तेच झाले. वयाच्या नवव्या वर्षी, १९०१ साली, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मिळकत पुरेना, तेव्हा त्यांनी हमाली पत्करली. नागपूर आणि कामठी यांच्या दरम्यान डोक्यावरून ओझी न्यायची. नऊ-दहा मैलांची ती वाट. तिच्यावर पायांना आणि मानेला काय सोसावे लागत असेल, ते ज्याने ओझे वाहिले आहे त्यालाच कळेल.

या कामात असताना ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची त्यांच्यावर नजर पडली. जाईबाईंना लिहितावाचता येते, हे पाहून त्यांनी त्यांना शाळेत शिक्षिकेचे काम दिले. पगार महिना चार रुपये. इथवरची गोष्ट सुखाची आहे. परंतु शिकविणारी बाई अस्पृश्य आहे, हे कळताच सवर्ण पालकांनी आपली मुले शाळेतून काढण्यास सुरुवात केली आणि जाईबाईंना ते काम सोडावे लागले. त्यांच्या शिकविण्यात खोट निघाली नव्हती. खोट निघाली ती जन्मात.

अशा प्रसंगी माणूस दोन गोष्टी करू शकतो. मुकाट्याने पुन्हा ओझे उचलतो, किंवा दुसऱ्या कुणाच्या दारी नोकरी मागतो. जाईबाईंनी तिसरी वाट धरली. संत चोखामेळ्याच्या नावाने त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. नावातच अर्थ आहे. ज्याला पंढरीच्या देवळात जाता आले नाही, त्याच्या नावाने ज्यांना शाळेत घेत नव्हते त्या मुलींसाठी दार उघडले. ही भूमी किसन फागुजी बनसोडे यांच्यासारख्यांनी आधीच नांगरून ठेवली होती; अस्पृश्यांच्या, त्यांतही मुलींच्या शिक्षणासाठी ते कितीतरी आधीपासून झटत होते. जाईबाई त्या परंपरेतल्याच.

कामगारांच्या चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला या शाळेचे मोल जरा निराळ्या बाजूने दिसते. पगारपत्रकावर अंगठा उमटवणाऱ्या बाईला आकडा वाचता येत नाही. हजेरी किती दिवसांची लागली, दंड किती कापला, हे तिला मुकादम सांगेल ते खरे. अक्षरओळख झाली की तीच बाई विचारते, “हे चार आणे कशाचे?” युनियनचा आरंभ या प्रश्नापासून होतो. म्हणून मुलींची शाळा ही दानधर्माची बाब आहे असे जे मानतात, त्यांनी मजुरीचा हिशेब कधी केलेला नाही, असे मी म्हणेन.

ऑगस्ट १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात दलितांची अखिल भारतीय परिषद भरली. त्या वेळी स्त्रियांचीही परिषद झाली, आणि मुलांप्रमाणेच मुलींनाही शिकण्याची संधी मिळाली पाहिजे, हे जाईबाईंनी तेथे मांडले.

यानंतर सात वर्षांनी जे घडले ते सांगताना मनाला वाईट वाटते. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. ही संस्था १९२७ साली पुण्यात जन्मली होती, आणि तीही स्त्रीशिक्षणाच्याच प्रश्नावर. शाळा चालविणाऱ्या जाईबाई तेथे आल्या; पण जेवणाच्या वेळी त्यांची पंगत वेगळी मांडण्यात आली. व्यासपीठावर सर्व स्त्रिया एक, आणि पानावर मात्र जात! १ जानेवारी १९३८ रोजी नागपुरातील दलित स्त्रियांनी सभा घेऊन या अपमानाचा निषेध केला. एकीचा अपमान तिने एकटीने गिळला नाही. तो सर्वजणींचा प्रश्न झाला.

महिला परिषदेला नावे ठेवून आपण कामगार मंडळींनी मोकळे होऊ नये. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला चांगल्या पगाराच्या साळखात्यात शिरू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागली. एकीचा नारा देणाऱ्या प्रत्येक संघटनेने आपली पंगत तपासून पाहावी, हा या घटनेचा धडा आहे.

त्या निषेधसभेनंतर पाच वर्षेही झाली नाहीत, तोच २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या मोहन पार्कात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. तेथले ठराव पाहा : एकाहून अधिक बायका करण्यास कायद्याने बंदी असावी, गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांना भरपगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावे, मुलींसाठी वसतिगृहे निघावीत. द्विभार्याबंदी देशभर हिंदू विवाह कायद्याने आली ती १९५५ साली. म्हणजे आपल्या शहरातील मजूर बाया देशाच्या कायद्याच्या तेरा वर्षे पुढे होत्या. पेन्शनची मागणी तर असंघटित क्षेत्रातल्या बाईच्या दृष्टीने अजूनही मागणीच आहे.

एवढ्या बाया एका दिवसात जमत नाहीत आणि असे ठराव एका रात्रीत सुचत नाहीत. त्यामागे वीस वर्षांचे पाटी-पेन्सिलीचे काम होते. सभा संपली की माणसे घरी जातात. शाळा मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडावी लागते. एम्प्रेस मिलचा भोंगा आज थांबला आहे, तिच्या जागी बाजार उभा राहिला आहे. परंतु जाईबाईंनी लावलेल्या शाळेचे पुढे त्यांच्याच नावाचे ज्ञानपीठ झाले. तिकडून जाताना मुलींचा गलबला कानी पडला, तर तोही नागपूरचा इतिहासच आहे, एवढे ध्यानी असू द्यावे.