फळ्यांच्या भिंती आणि पांढरा रंग

एखादा समारंभ जवळ येऊं लागला म्हणजे घरोघर चुन्याच्या घागरी व रंगाचे डबे दिसूं लागतात. आपलें घर उजळावें, दारीं येणाऱ्या पाहुण्यास प्रसन्न वाटावें, ही इच्छा सर्व देशांतील मनुष्यांस सारखीच असते. ज्या थंड देशांत भिंतींस आंतून लांकडी फळ्यांचें अस्तर लावण्याची रीत आहे, तेथें या साध्या इच्छेनें एक मोठा इतिहास घडविला. त्या इतिहासांत कला आहे, व्यापार आहे, आणि कष्टकऱ्यांचें व लेंकरांचें दुःखहि आहे. तो आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दगडी भिंतींतून येणारी थंडी व ओल अडविण्यासाठीं इंग्लंडांतील सधन लोक सोळाव्या शतकांत भिंतींस ओकच्या फळ्या लावीत. ओकचें लांकूड टणक आणि दिसण्यांत सुंदर. परंतु धूर व काळ यांनीं तें काळवंडत जातें. त्यांतच इ. स. १६९६ पासून १८५१ पर्यंत त्या देशांत घराच्या खिडक्यांवर कर होता, त्यामुळें कित्येकांनीं आपल्या खिडक्या विटा रचून बुजवून टाकल्या. १६६६ सालीं लंडन शहर आगींत जळालें. तें पुन्हां बांधतांना नॉर्वे व बाल्टिक समुद्राकडील देवदाराच्या जातीचें हलकें लांकूड जहाजें भरभरून येऊं लागलें. हें लांकूड स्वस्त, पण गांठाळ. उघडें ठेवण्यास कोणास आवडेना. म्हणून तें रंगविण्याचा प्रघात पडला. सारांश, फळ्यांस रंग देण्याची चाल पुष्कळ अंशीं गरिबीचें लांकूड झांकण्यासाठीं वाढली. त्यानें खोली उजळते हा गुण लोकांच्या ध्यानांत भरला तो तिच्या जोडीनें.

येथें आमच्या देशाचा एक संबंध नमूद करण्याजोगा आहे. अशा लांकडाच्या गांठींतून राळ पाझरते आणि वर दिलेल्या पांढऱ्या रंगावर पिंवळट डाग उमटवते. त्यावर रंगाऱ्यांस सांपडलेला उपाय म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली चपडी लाख गांठींवर आधीं लावणें. ती लाख मुख्यत्वें हिंदुस्थानच्या जंगलांतूनच परदेशीं जात आली आहे.

त्या काळचा पांढरा रंग म्हणजे सफेता. तो शिशापासून होत असे, व त्याची कृति मोठी चमत्कारिक होती. मातीच्या भांड्यांत शिरका घालून त्यावर शिशाच्या गुंडाळ्या ठेवीत, आणि अशीं शेंकडों भांडीं शेणखताच्या थरांत पुरून टाकीत. खताची ऊब, शिरक्याची वाफ आणि कुजण्यानें निघणारा वायु यांच्या योगानें सुमारें तीन महिन्यांत शिशावर पांढरी साल चढे. ती खरवडून, धुवून, वाळवून जवसाच्या तेलांत घोटली म्हणजे रंग तयार. तो लांकूड चांगलें झांकी आणि वर्षानुवर्षें टिके. मात्र जवसाचें तेल अंधारांत पिंवळें पडतें; म्हणजे ज्या खोलीस उजेडाची गरज अधिक, तिचाच पांढरेपणा आधीं उतरे!

परंतु सफेत्याचा खरा दोष याहून भयंकर होता. तो विष होता. रंगाऱ्यांच्या पोटांत कळा येत, मनगटें लुळीं पडत, आणि कित्येक अकालीं मरत. पॅरिस येथील एद्म-झां लेक्लेर हा गृहस्थ स्वतः रंगारी असून पुढें मोठा ठेकेदार झाला. आपल्या माणसांची ही दशा पाहून त्यानें १८४० नंतरच्या वर्षांत जस्तापासून केलेला पांढरा रंग प्रचारांत आणला. जस्ताचा रंग फ्रान्सांतील रसायनशास्त्रज्ञांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीसच सुचविला होता. तथापि तो भिंतीपर्यंत पोंहोंचविण्यास धंद्यांतलाच माणूस लागला. याच लेक्लेरनें १८४२ पासून आपल्या नफ्याचा वांटा कामगारांस देण्यास आरंभ केला. ज्यास मजुराच्या पोटाची काळजी वाटली त्यास त्याच्या श्वासाचीहि वाटली, यांत आम्हांस नवल दिसत नाहीं. इंग्लंडांत सफेत्याच्या कारखान्यांतील अत्यंत धोक्याचीं कामें बहुधा गरीब स्त्रियांकडे असत. तीं त्यांस देण्याची मनाई १८९८ सालीं झाली.

इकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीमंतांच्या घरांत काळसर फळ्या, जाड पडदे व गर्द रंग यांचीच चलती होती. त्याविरुद्ध दोन ठिकाणांहून वारा सुटला. स्वीडनमधील चित्रकार कार्ल लार्सन व त्याची चित्रकार पत्नी कारिन यांस १८८८ सालीं कारिनच्या वडिलांकडून सुंडबोर्न या खेड्यांत एक लहान लांकडी घर मिळालें. ज्या देशांत हिंवाळ्यांत सूर्य कांहीं तासच दिसतो, तेथें या दांपत्यानें फळ्यांवर पांढरा, हिरवा, तांबडा असे मोकळे रंग दिले. पडदे व आसनें कारिननें स्वतः विणलीं. त्या घराचीं जलरंगांतील चित्रें १८९९ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. त्याच वर्षीं एलेन की या विदुषीनें सौंदर्य हें सर्वांसाठीं आहे, गरिबाच्या घरांतहि तें असूं शकतें, असा विचार मांडला. दुसरें ठिकाण न्यूयॉर्क. तेथें एल्सी डी वुल्फ या नटीनें १८९६ ते १८९८ या अवधींत आपल्या जेवणघराच्या काळपट फळ्यांस पांढरा रंग दिला. त्या एकाच खोलीचीं आधींचें व नंतरचें अशीं दोन छायाचित्रें आजहि पाहावयास मिळतात. तींच पाहिलीं असतां हा फरक केवढा होता तें समजतें. पुढें गृहसजावट हाच तिचा व्यवसाय झाला.

उजेडाची ही हौस फैलावत असतांनाच जगाच्या दुसऱ्या टोंकाला तिची किंमत उघडकीस येत होती. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत घरें लांकडाचीं, भिंती व व्हरांड्याचे कठडे सफेत्यानें रंगविलेले. ब्रिस्बेन येथील डॉ. टर्नर यांनीं १८९० नंतरच्या वर्षांत लहान मुलांत शिशाच्या विषबाधेचे रोगी ओळखले. पण विष येतें कोठून? १९०४ सालीं डॉ. जॉन लॉकहार्ट गिब्सन या नेत्रवैद्यांनीं उत्तर दिलें: तें घरांतूनच येतें. उन्हानें रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांस लागते, आणि बोट चोखणारें किंवा नख कुरतडणारें लेंकरूं ती गिळतें. आईनें ज्या कठड्याशीं मूल खेळावयास ठेवावें त्याच कठड्यानें त्याची दृष्टि हिरावून घ्यावी, याहून दारुण गोष्ट कोणती? या शोधावर पुष्कळांचा विश्वास बसण्यास फार वर्षें लागलीं. मुलांच्या हातीं लागेल अशा जागीं शिशाचा रंग देण्यास तेथें कायद्यानें बंदी झाली ती १९२२ सालीं.

त्याच्या आदल्याच वर्षीं, १९२१ मध्यें, जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें घरांच्या आंतील रंगकामांत सफेता वापरूं नये असा ठराव केला. याच सुमारास नॉर्वे व अमेरिका येथें टिटॅनियम धातूपासून निर्विष असा पांढरा रंग कारखान्यांतून निघूं लागला. तरीहि अमेरिकेनें घरगुती रंगांतून शिसें वगळण्याचा नियम केला तो १९७८ सालीं. भारतांत रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला.

या इतिहासापासून आम्हांस दोन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. पहिली ही कीं, जुन्या फळ्या, दारें किंवा तक्तपोशी रंगवावयाची असेल तर आधीं खालचा रंग किती जुना आहे याची चौकशी करावी. तो फार जुना असल्यास कोरडा घांसूं नये व जाळून काढूं नये. पृष्ठभाग ओला करूनच घांसावा, मुलांस व गर्भवती स्त्रियांस दूर ठेवावें, आणि निघालेला चुरा अंगणांत न पसरतां गोळा करून वेगळा बांधावा. रंग धड असेल तर त्यावरच नवा हात देणें बरें. दुसरी गोष्ट ही कीं, रंग एकदां लांकडाच्या रंध्रांत शिरला म्हणजे पूर्णपणें निघत नाहीं. गांठाळ, डागाळलेल्या फळीस तो शोभा देतो. पण वाडवडिलांच्या वेळचें चांगलें सागवान असेल तर तें पुसून, तेल-पॉलिश करून, समोरच्या भिंतीस चुना काढिला तरी खोली पुष्कळ उजळते.

घर उजळावें हें योग्यच. पण तो उजेड कोणाच्या श्वासावर व कोणाच्या लेंकराच्या जिवावर विकत घेतला जातो, हें विचारणारीं थोडीं माणसें निघालीं म्हणूनच आज आपण निर्धास्तपणें रंगाचा डबा उघडतों. त्या लेक्लेरचें व त्या ब्रिस्बेनच्या वैद्यांचें स्मरण कुंचला हातीं घेणाऱ्या प्रत्येकास राहावें, एवढाच आमच्या या लेखाचा हेतु आहे.