गोल जिन्याचा कठडा: पिळाची गोष्ट

(नेहमीप्रमाणे हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे. या भागात थोडं गणित आहे, पण कागद-पेन हाताशी असलं तर मजा येईल.)

आधी माझी फजिती सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

आमच्या दादाच्या घरी गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना आहे. कठडा नव्हता. पोरगं चालायला लागलं तसं वहिनीने सांगून टाकलं की आता कठडा हवाच. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे घरात असं ठरलं की ‘हा कॉम्प्युटरवर करून देईल’. मी फ्रीकॅड उघडलं. उंची ३ मीटर, त्यात जिन्याचा बरोबर एक फेरा, कठडा मध्यापासून ९० सेंटीमीटरवर. हेलिक्स काढली, म्हणजे शाळेत ज्याला मळसूत्र म्हणायचो तो आकार. हँडरेलचा छेद काढला: वरून गोलाई, खालून सपाट. आणि स्वीप मारला, म्हणजे तो छेद त्या वाटेवरून फिरवला.

कठडा तयार झाला. खाली हात ठेवायची गोलाई वर होती. वर पोहोचेपर्यंत ती जवळजवळ खाली गेली आणि सपाट बूड आकाशाकडे. हँडरेल वाटेत पिळली होती, ओल्या टॉवेलसारखी.

मला वाटलं सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. दोन तास शोधल्यावर कळलं की बग नाही. या पिळाशी माणसं सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ भांडतायत, आणि पहिली मोठी लढाई एका सुताराने लढली.

तशी गोल जिन्याची गोष्ट खूप जुनी. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभाच्या पोटात, इसवी सन ११३ मध्ये, संगमरवराच्या अखंड ठोकळ्यांमधून कोरलेला १८५ पायऱ्यांचा गोल जिना आहे. मध्ययुगीन किल्ल्यांच्या बुरुजांत तर असे जिने जागोजागी. (हो, ती रील मीपण बघितलीय, की जिने उजवीकडे वळतात कारण उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या शत्रूची अडचण व्हावी. ऐकायला भारी आहे, पुरावा मात्र कच्चा. डावीकडे वळणारे जिनेही भरपूर सापडतात.) पण या सगळ्यांत कठड्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही बाजूंना भिंत, फार तर एखादा दोर. आपल्या जुन्या वाड्यांतही अरुंद उभ्या जिन्यात दोर लोंबत असायचा, तो धरून वर चढायचं.

प्रश्न सुरू झाला भिंत गेल्यावर. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत मोकळे जिने आले. मधे खांब नाही, पायऱ्या एका टोकाला भिंतीत रुतलेल्या, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. त्या मोकळ्या कडेवर महोगनीची हँडरेल, खालपासून वरपर्यंत एकसंध वाटली पाहिजे. सरळ भाग कोणीही रंधून देईल. पण जिना जिथे वळतो तिथे लाकूड एकाच वेळी वळतंही आणि चढतंही. असा तुकडा वाकवून मिळत नाही, तो जाड लाकडातून कोरून काढावा लागतो. कसा कोरायचा? अनेक सुतार अंदाजाने कोरायचे. मोठा ओंडका घ्या, तासत जा, जागेवर लावून बघा, पुन्हा तासा. महोगनी समुद्रापलीकडून यायची, महाग. एक चुकीचा घाव आणि तुकडा चुलीत.

इथे येतो पीटर निकोल्सन. १७६५ मध्ये स्कॉटलंडमध्ये, ईस्ट लोदियन भागात जन्मला. बाप पाथरवट. पोरगा फर्निचर करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला, गणित बरंचसं स्वतःच शिकला. पुढे लंडनला गेला आणि कारागिरांसाठी संध्याकाळचे वर्ग घेऊ लागला. १७९२ मध्ये त्याचं ‘द कार्पेंटर्स न्यू गाइड’ आलं. १८२० मध्ये तर त्याने फक्त जिने आणि कठडे या विषयावर वेगळा ग्रंथ काढला. मधे १८१४ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला कठड्याच्या कामातल्या सुधारणेसाठी सुवर्णपदक दिलं. कठड्यासाठी सुवर्णपदक! म्हणजे प्रश्न किती डोकेदुखीचा होता याचा अंदाज येतो.

त्याने केलं काय? आता कागद घ्या.

कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि पेनाभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेनावर मळसूत्र होऊन चढत जाईल. उलगडा, पुन्हा सरळ रेघ. हवेत भयंकर अवघड वाटणारी हेलिक्स कागदावर सरळ रेघ असते. आता गाजर तिरकं कापा. छेद गोल येत नाही, लंबगोल येतो.

निकोल्सनच्या पद्धतीचं सार या दोन गोष्टींत आहे. जिन्याचा वळणारा भाग म्हणजे एका काल्पनिक नळकांड्याची भिंत. त्या नळकांड्यातून एक तिरकी फळी आरपार गेलीय अशी कल्पना करा. फळीच्या पृष्ठभागावर नळकांड्याचा छेद लंबगोलाचा तुकडा म्हणून उमटेल. तो आधी कागदावर काढायचा, त्याचा फर्मा करायचा, फर्मा फळीवर ठेवून आखायचं आणि जागेवर जी दिशा उभी असणार आहे त्या दिशेने कापायचं. मिळालेला तुकडा वरून बघितला तर बरोबर गोल वळतो. मग दुसरा फर्मा, हा लवचिक पट्टीचा. त्यावर हँडरेलची चढण सरळ पट्टीसारखी आखलेली असते. ती पट्टी तुकड्याच्या बाजूवर गुंडाळली की कडा कुठून कुठे चढतात ते उमटतं. मग पटाशी चालवायची.

फळी योग्य कोनात तिरकी धरली की ओंडक्याऐवजी बऱ्याच कमी जाडीच्या फळीतून तोच तुकडा निघतो. लाकूड वाचलं, आणि चूक लाकडावर होण्याआधी कागदावरच पकडता यायला लागली.

मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट गणिताची नाही. ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जायची, बऱ्याचदा गुपित म्हणून. निकोल्सनने ती आकृत्यांसकट छापली. साधारण त्याच काळात फ्रान्समध्ये गास्पार मोंज अवकाशातले आकार कागदावर मांडायचं शास्त्र, म्हणजे वर्णनात्मक भूमिती, शिकवत होता. आधी ते लष्करी शाळेतलं राखीव ज्ञान होतं, १७९५ पासून जाहीर व्याख्यानांत आलं. दीडएकशे वर्षांनी कार कंपन्यांत हीच गंमत पुन्हा झाली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जोने १९५९ च्या सुमारास वक्रांची एक पद्धत शोधली, कंपनीने ती बाहेर येऊ दिली नाही. रेनोमध्ये पियेर बेझिएने काही काळाने तशाच वक्रांवर काम केलं आणि प्रसिद्धही केलं. आज प्रत्येक डिझाइन ॲपमध्ये ‘बेझिए कर्व्ह’ लिहिलेलं असतं. कास्तेल्जोचं नाव अल्गोरिदममध्ये उरलं, तेही शिकणाऱ्यांपुरतं.

आणि आता माझ्यासाठी या भागातला सर्वांत भारी क्षण. आजच्या कॅडमधले बहुतेक वक्र ज्या नर्ब्स पद्धतीने साठवतात, तिच्यात वर्तुळ अगदी अचूक बसतं, पण हेलिक्स बसत नाही. कितीही बिंदू द्या, ती जवळपासच राहते. कारण हेलिक्समध्ये एकीकडे साइन-कोसाइन फिरत असतात आणि दुसरीकडे उंची कोनाच्या प्रमाणात सरळ वाढत असते. बहुपदींच्या भागाकाराला हे दोन्ही एकत्र जमत नाही. मग फ्रीकॅडच्या पोटात जे ओपन कॅस्केड नावाचं इंजिन आहे, ते काय करतं? आधी नळकांड्याचा पृष्ठभाग घेतं, त्याच्या उलगडलेल्या सपाट रूपावर एक सरळ रेघ मारतं आणि ती रेघ पृष्ठभागावर बसवतं. त्रिमितीतला अंदाजे वक्र त्यावरून नंतर काढला जातो. म्हणजे निकोल्सनची लवचिक पट्टीच. कोड वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

बरं, पण माझा कठडा का पिळला होता?

वाटेवरून छेद फिरवायचा तर प्रत्येक ठिकाणी ‘वर कुठे’ हे ठरवावं लागतं. वाट फक्त ‘पुढे कुठे’ एवढंच सांगते. १८४७ मध्ये फ्रेने आणि १८५१ मध्ये सेरे या दोन फ्रेंच गणितज्ञांनी स्वतंत्रपणे एक उत्तर दिलं: वक्र ज्या बाजूला वळतोय ती एक दिशा, पुढची दुसरी, आणि दोघींना काटकोनात तिसरी. हेलिक्सवर हे मस्त चालतं, कारण ती कायम मधल्या अक्षाकडेच वळत असते. त्यामुळे ती दिशा कायम आडवी राहते आणि हँडरेलचा माथा माथ्यावरच राहतो.

पण वाट सरळ झाली, म्हणजे जिना संपून लँडिंग आलं, की वळणच उरत नाही आणि फ्रेनेकडे उत्तर नसतं. वळण उलट्या बाजूचं झालं तर छेद एकदम १८० अंशांत पलटी खातो. म्हणून दुसरा मार्ग निघाला: वळणाकडे बघायचंच नाही, एका बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंत जाताना छेद कमीत कमी फिरवायचा. रिचर्ड बिशप या गणितज्ञाचा १९७५ चा लेख याबाबतीत प्रसिद्ध आहे. सॉफ्टवेअरांत बऱ्याचदा हाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो, कारण तो अचानक पलटी मारत नाही.

फक्त हेलिक्सवर त्याची किंमत मोजावी लागते. जिथे काहीच फिरवलं नाही असं त्याला वाटतं, तिथे बाहेरून बघणाऱ्याला पीळ दिसतो. एका फेऱ्यात किती? ३६० अंश गुणिले चढणीच्या कोनाचा साइन. माझ्या जिन्याची चढण सुमारे २८ अंश, म्हणजे पीळ साधारण १६९ अंश. जवळजवळ उलटा! बग नव्हताच, सूत्राबरहुकूम पिळला होता. यादीतून ‘फ्रेने’ निवडलं आणि हँडरेल सरळ झाली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. दादाने खर्च बघून लाकूड रद्द केलं आणि साधा गोल पाइप ठरवला. गोल पाइपला माथा नाही, त्यामुळे पिळाचा प्रश्नच मिटला. मी खुशीत फॅब्रिकेटर काकांना आकडे फोनवरच सांगितले: त्रिज्या ९०० मिलिमीटर, लांबी ५.६५ मीटर, वीस फुटी एका पाइपात होऊन जाईल.

दोन्ही आकडे चूक. ५.६५ मीटर हा जमिनीवरचा परीघ. पाइप चढतोही, त्यामुळे लांबी ६.४० मीटर, एका पाइपात मावतच नाही. त्रिज्येची चूक त्याहून वाईट. चढणारं वळण वरून दिसतं त्यापेक्षा प्रत्यक्षात मोकळं असतं. रोलिंग मशीनला सांगायला हवी होती त्रिज्या ११५३, मी सांगितली ९००. पाइप रोल झाला, स्प्रिंगसारखा वर ओढला, आणि ओढल्यावर तो आवळला. ९० सेंटीमीटरवर यायचा तो ७० वर आला. सगळीकडून वीस सेंटीमीटर आत, पायऱ्यांच्या मधोमध.

काकांनी पाइपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “साहेब, पुढच्या वेळी आधी पत्र्याची पट्टी गुंडाळून बघत जा.” आणि त्यांनी खरोखरच पातळ पत्र्याची लांब पट्टी जिन्याच्या उभ्या सळ्यांच्या बाहेरून गुंडाळली, सळ्यांच्या टोकांवर खडूने खुणा केल्या, पट्टी काढून जमिनीवर अंथरली. सगळ्या खुणा एका सरळ रेघेत. निकोल्सनचं नाव त्यांनी ऐकलेलं असणं शक्यच नव्हतं.

जाता जाता एक शेवटचा जिना. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या सांता फे गावात लोरेटो चॅपल आहे, साधारण १८७८ चं. त्यातला लाकडी गोल जिना दोन पूर्ण फेरे घेतो, ३३ पायऱ्या, मधे खांब नाही. नन्सनी प्रार्थना केली आणि एक अनोळखी सुतार येऊन बांधून गेला, मजुरीही न घेता, अशी आख्यायिका आहे. तो बिनखांबाचा उभा कसा, यावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. (आतली वळणारी बाजू इतक्या छोट्या त्रिज्येची आहे की तीच बरंचसं खांबाचं काम करते.) पण त्या चमत्काराला सुरुवातीला कठडाच नव्हता. चढलेल्या काही जणी भीतीने हातापायांवर रांगत खाली उतरायच्या, असं सांगतात. साधारण दहा वर्षांनी, १८८७ च्या सुमारास, दुसऱ्या एका कारागिराने त्याला कठडा बसवला.

दादाचा दुसरा पाइप दोन तुकड्यांत रोल झाला, मधे वेल्डिंगचा जोड आहे, घासून गुळगुळीत केलेला. पहिला अजून गच्चीवर पडलाय. वहिनीने त्यावर कारल्याचा वेल चढवलाय.

भेटू पुढच्या भागात.