मोठी मोटार, छोटी मोटार



पोळा जवळ आला की गावोगावची मुले चिखलाचे बैल करू लागतात. वशिंड केवढे घ्यावे, शिंगांना बाक कुठे द्यावा, हे त्यांना शिकवावे लागत नाही. घरचा बैल त्यांनी नदीवर धुतलेला असतो, त्याच्या मानेवरून हात फिरवलेला असतो. ज्या हाताने खऱ्या जनावराची निगा राखली, तोच हात मातीचे जनावर घडवतो.

मोटारीच्या बाबतीतही असेच घडले. खरी मोटार सांभाळणारे हात आणि छोटी मोटार घडवणारे हात यांचे नाते फार जवळचे आहे. त्या नात्याची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे. ती बरीचशी अमेरिकेतली आहे. पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर किंवा जीप उभी आहे, त्याने ती जरूर ऐकावी.

सन १९०८ च्या ऑक्टोबरात हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने 'मॉडेल टी' नावाची मोटार विक्रीस काढली. तोवर मोटार ही श्रीमंतांची चैन होती. ही गाडीही सुरुवातीला स्वस्त नव्हती. प्रवासी गाडीला ८५० डॉलर पडत. पण १९१३ साली कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली, गाड्या भराभर तयार होऊ लागल्या, आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत तिच्या सर्वांत साध्या प्रकाराची किंमत ३०० डॉलरच्याही खाली आली. १९२७ साली उत्पादन थांबले, तेव्हा दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळशा गेल्या शेतकऱ्यांच्या घरी.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यात मोटार गेली खरी, पण ती बिघडली तर दुरुस्त कोण करणार? गावात कारागीर कुठला? उत्तर सोपे होते. ज्याची गाडी, त्यानेच ती दुरुस्त करायची!

गाडीही तशीच होती. पेट्रोल मोजायला काटा नव्हता. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या बैठकीखाली असे. बैठक उचलायची, काठी बुडवायची आणि ओली किती झाली ते पाहायचे. पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंपही नव्हता. ते उतारावरून पाणी जावे तसे आपोआप वाहत जाई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असले आणि चढ उभा असला, की इंजिनाला ते पोचेना. मग लोक गाडी वळवत आणि मागच्या मागे चढ चढवत! इंजिनातले तेल पाहण्यासाठी खाली दोन तोट्या होत्या, एक वर आणि एक खाली. तेलाची पातळी या दोन तोट्यांच्या मधे असायला हवी. खालची तोटी उघडूनही तेल आले नाही, तर गाडी जागची हलवायची नाही.

आणि गाडी चालू करायची ती हँडल मारून. हे काम धोक्याचे होते. इंजिन उलटा झटका देई आणि बेसावध माणसाचे मनगट मोडे. म्हणून जाणते लोक सांगत: ठिणगीची दांडी आधी मागे घ्या, हँडल डाव्या हाताने खालून वर ओढा, आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. अंगठा कुठे ठेवावा एवढ्या ज्ञानावर हात शाबूत राहत होता.

शिक्षक बंधुभगिनींनो, या गाडीबरोबर मालकाला जे पुस्तक मिळे, ते तुम्हाला आवडले असते. ते प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. गाडी चालू करण्याआधी काय पाहावे? इंजिन तापले तर काय करावे? प्रत्येक प्रश्नाखाली साध्या भाषेत उत्तर. ज्याने आयुष्यात यंत्राला हात लावलेला नाही, असा शेतकरी समोर धरूनच ते लिहिले होते.

त्या शेतकऱ्याने तेवढ्यावरच भागवले नाही. गाडीचे मागचे एक चाक उचलून त्याला पट्टा लावला, की त्याच मोटारीवर लाकडे कापायची करवत चाले, पाण्याचा पंप चाले. ज्याला यंत्र आतून कळले, त्याला ते चार कामांना जुंपता आले. आणि ही उघडझाप पाहत जवळ उभी असत ती घरातली मुले. कुणी पाना देई, कुणी कंदील धरी. एक पिढी मोटारीचे आतडे-कातडे पाहत लहानाची मोठी झाली.

आता छोट्या मोटारीकडे वळू.

अमेरिकेत फिशर नावाचे भाऊ होते. वडील घोडागाड्या बनवीत. मुलांनी १९०८ साली डेट्रॉइट शहरात मोटारींचे सांगाडे बनवण्याचा कारखाना काढला. पुढे तो 'जनरल मोटर्स' या मोठ्या कंपनीच्या मालकीचा झाला. सुतारकी, लोहारकी, गादीकाम, रंगकाम असे सारे हात त्या कारखान्याला लागत. १९३० साली या कारखान्याने मुलांसाठी एक कारागीर संघ स्थापला आणि एक स्पर्धा लावली. कारखान्याचे बोधचिन्ह होते नेपोलियनच्या थाटाची राजेशाही घोडागाडी. त्या गाडीची छोटी प्रतिकृती करायची. आराखडे कारखाना देणार, बाकी सर्व मुलाने स्वतःच्या हाताने करायचे. दार उघडले पाहिजे, पायरी दुमडली पाहिजे, आत गादी पाहिजे, बाहेर नक्षी पाहिजे. सर्वांत मोठे बक्षीस काय? विद्यापीठात शिकण्यासाठी ५००० डॉलरची शिष्यवृत्ती!

काळ लक्षात घ्या. १९३० म्हणजे महामंदीचा काळ. कारखाने बंद पडत होते, शेतमालाला भाव नव्हता. अशा वेळी घरच्या पडवीत बसून महिनोन्महिने लाकूड कोरणाऱ्या मुलाच्या हातात त्याचे पुढचे शिक्षण होते. चार बोटांची ती पायरी नीट दुमडली, तर घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी विद्यापीठाची पायरी चढणार होते.

पुढे घोडागाडीच्या जोडीला मोटारीची स्पर्धा आली. इथे मात्र आराखडाही मुलाचाच. उद्याची मोटार कशी असावी ती तू कल्पनेने काढ आणि करून दाखव, असे सांगणे होते. प्रमाण ठरलेले: एकास बारा. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तो छोट्या गाडीचा एक इंच.

गुरुजी, बाई, या 'एकास बारा'मध्ये केवढे गणित भरले आहे पाहा. लांबी बारापट कमी होते. रंगवायचा पृष्ठभाग बारा गुणिले बारा, म्हणजे १४४ पट कमी होतो. आणि वजन? बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ पट कमी. मॉडेल टी गाडीचे वजन सुमारे १२०० पौंड होते. त्याच धातूलाकडाची तिची हुबेहूब छोटी गाडी केली, तर ती भरेल जेमतेम ११ औंस, म्हणजे तीनशे ग्रॅमच्या थोडी वर. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ यांतला फरक फळ्यावर समजावताना घाम फुटतो. हातातली गाडी तो एका तासात समजावते.

या स्पर्धेतून माणसे घडली का? घडली. कॅलिफोर्नियातला चक जॉर्डन हा तरुण १९४७ साली या स्पर्धेत देशात पहिला आला. तो पुढे जनरल मोटर्समध्येच शिरला, आणि १९८६ ते १९९२ या काळात त्या कंपनीच्या साऱ्या मोटारींच्या आकारांचा प्रमुख होता. कंपनीने हे केवळ परोपकारासाठी केले असे समजू नका. तिला जाहिरात हवी होती, उद्याचे गिऱ्हाईक हवे होते आणि कुशल हात हवे होते. तिन्ही मिळाले. शिवाय ही स्पर्धा फक्त मुलग्यांची होती. मुलींना तिचे दार बंद होते. ही उणीव आपण लक्षात ठेवली पाहिजे.

१९६८ साली स्पर्धा बंद झाली. तोवर छोट्या मोटारीचा दुसरा अवतार बाजारात स्थिरावला होता. प्लास्टिकचे सुटे भाग डब्यात घालून मिळू लागले होते. ते तोडायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. यात कोरण्याचे कसब कमी, पण एक लाभ मोठा. चांगल्या संचात बॉनेटखालचे इंजिन असे, आस असे, धुराडे असे. कोणता भाग कशाला जोडतो हे मुलाला खरी गाडी उघडण्याआधीच ठाऊक होई.

मात्र खरी गाडी हळूहळू मिटत चालली होती. इंजिनावर संगणकाची देखरेख आली. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीत बिघाड सांगणारी संगणकीय व्यवस्था सक्तीची झाली. याने धूर कमी झाला, दोष अचूक कळू लागला, हे खरेच. पण त्या संगणकाशी बोलायचे तर कंपनीचे साधन हवे आणि कंपनीची परवानगी हवी, अशी पाळी आली. ज्या शेतकऱ्याच्या आजोबाने काठीने पेट्रोल मोजले, त्याचा ट्रॅक्टर ऐन सुगीत शेतात उभा राही, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत त्याला हात लावता येईना. पीक कापणीला आलेले, आभाळ भरून आलेले. अशा वेळी एका दिवसाचे मोल काय, हे तुम्हाला सांगायला नको.

लोकांनी मग कायदा मागितला. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली खास शेती-यंत्रांसाठी कायदा केला: सुटे भाग, हत्यारे, माहितीपुस्तके आणि संगणकीय साधने कंपनीने मालकाला व बाहेरच्या कारागिरालाही दिली पाहिजेत. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्यापुढच्या विषयांत शेतीची अवजारे आणि मोटारी दोन्ही होत्या.

दुरुस्तीने गाडी किती जगते, याचा दाखला मुंबईने दिला आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या बांधणीची गाडी तयार होई. पुढे तिचे नाव पद्मिनी पडले. उत्पादन थांबल्यावरही काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वर्षानुवर्षे धावत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी थांबली ती वीस वर्षांची वयोमर्यादा भरली म्हणून. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीच्या हाताला ती गाडी पाठ होती, हेच तिच्या दीर्घायुष्याचे मर्म.

कायदा होईल तेव्हा होईल. पण हक्क बजवायला हाताला ओळख तर हवी! ती आजही ठेवता येते. सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून पाच गोष्टी पाहाव्या. इंजिनाचे तेल: रात्रभरात ते खाली उतरलेले असते, म्हणून पट्टीवर खरी पातळी कळते. रेडिएटरचे पाणी: गरम असताना झाकण कधीच उघडू नये, कारण आत दाबाखाली कोंडलेले पाणी उसळून तोंडावर येते. चाकातली हवा: तीही चाक थंड असतानाच मोजावी, धावून तापले की दाब वाढतो आणि माप चुकते. ब्रेकचे तेल: ते उतरले असेल तर एक तर ब्रेकची झीज झाली आहे, नाही तर कुठे गळती आहे, नुसते ओतून गप्प बसू नये. आणि पाचवी, गाडीखालची जमीन: तिथे ताजा डाग दिसला, तर तो कशाचा हे कळल्यावाचून निघू नये.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गातल्या मुलामुलींना गावातला एखादा ट्रॅक्टर किंवा जीप मालकाला विचारून मोजू द्या. फुटाला इंच धरून पुठ्ठा, चिकणमाती, जुनी खोकी यांची छोटी गाडी करू द्या. चाकांमधले अंतर चुकले तर ती कलंडेल, आस तिरका बसला तर ती वाकडी पळेल. मग मालकालाच शाळेत बोलवा आणि गाडीतला कोणता भाग काय करतो ते मुलांना त्याच्याकडून ऐकू द्या. त्यालाही बरे वाटेल. आणि पुढच्या सुगीत त्याचा ट्रॅक्टर बांधावर अडला, तर पाना द्यायला आणि दिवा धरायला जाणती मुले जवळ असतील.