शाळेला आग लागली तर पोरं बाहेर कशी निघतील? दारांचे नियम समजून घ्या

यवतमाळ : पोरं शाळेत जातात ते दार सगळ्यांना माहीत असतं. पण आग लागली, धूर भरला, तर त्याच दारातून सगळी पोरं निघतील का? नियम काय सांगतात ते पाहू.

फायर डोअर म्हणजे काय?
आग आणि धूर ठरावीक वेळ अडवून धरणारं, आपोआप लागणारं दार. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार ते १२० मिनिटं टिकणारं हवं. बहुमजली इमारतीत ते बंदिस्त जिन्याच्या तोंडाशी बसवतात. हवा यावी म्हणून त्याला वीट लावून उघडं ठेवलं, तर धूर सरळ जिन्यात शिरतो. बैठ्या शाळेत जिनाच नसतो. पण खालच्या गोष्टी तिथंही पाहाव्याच.

संहितेतल्या मुख्य अटी
- बाहेर पडायचं दार किमान १ मीटर रुंद, २ मीटर उंच.
- दार खोलीच्या बाहेरच्या बाजूला उघडावं. आत उघडणाऱ्या दारावर गर्दी रेटली की ते उघडतच नाही.
- आतून किल्लीशिवाय उघडावं.
- शाळेचा जिना किमान १.५ मीटर रुंद.

कुलूपबंद चॅनल गेट
चोरी होऊ नये, जनावरं शिरू नयेत म्हणून व्हरांड्याच्या गेटला कुलूप लागतं. पोरं आत असताना ते धोक्याचं. आश्रमशाळेत तर पोरं रात्री तिथंच झोपतात. अंधारात किल्ली शोधायला वेळ राहत नाही. आतून उघडणारी कडी आणि रात्री जागा चौकीदार, हा साधा उपाय आहे.

कुंभकोणमचा धडा
१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतली आग गवती छपराला लागली. ९४ मुलं गेली. त्यानंतर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळांच्या अग्निसुरक्षेचे आदेश दिले. पोषण आहार शिजतो ती खोली वर्गापासून वेगळी का हवी, ते यावरून कळतं.

विचारायचं कोणी?
महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात येणाऱ्या इमारतींना दर जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : दार कुठं उघडतं, किल्ली कोणाजवळ असते?

आग लागल्यास फोन : १०१ किंवा ११२.